पट्टीत बसणारं तेल

४ ऑगस्ट

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे बरे आहोत. फोनवर विचारता आलं असतं, पण प्रयोगशाळेतल्या फोनला कान फार, आणि तुझ्या घरचा फोन वाजला की आधी दाजी उचलतात. म्हणून पत्र. वाचून झालं की फाडून टाक.

यंदा सब्ज्याचं बी घरचंच धरलं होतं की विकत आणलं? कापणी फुलोऱ्यात केलीत की उशिरा? आणि तेल काढताना भट्टीवर कोण होतं, तू की दाजी?

विचारायचं कारण असं. खरेदीदार आमच्याकडे तेलाचे नमुने तपासायला पाठवतात. बाटलीवर फक्त क्रमांक असतो, मालक कोण ते आम्हाला कळू नये असा नियम आहे. पण गेल्या आठवड्यात एका बाटलीचं बूच काढलं आणि खाली निळ्या कापडाची चकती निघाली. आईच्या जुन्या चादरीची. अशी चकती लावणारी भट्टी जगात एकच आहे. मी ओळखलं, आणि ओळखलं नाही असा चेहरा करून काम पुढे चालू ठेवलं.

सब्ज्याच्या तेलात दोन द्रव्यं बघायची असतात. एक लिनालूल, त्याचा वास फुलासारखा. दुसरं एस्ट्रागोल, ते बडीशेपेसारखं. खरेदीदारांची पट्टी ठरलेली आहे: लिनालूल भरपूर हवं, एस्ट्रागोल नावापुरतं. बाबा होते तोवर आपलं तेल दर वर्षी त्या पट्टीत चपखल बसलं. बाबा गेल्यानंतरचं हे पहिलंच तेल, आणि यात सगळं उलटं आहे. आमच्या विभागप्रमुख बाईंनी एकदा हुंगलं आणि म्हणाल्या, भेसळ. अहवाल मला लिहायचा आहे. भेसळ असं लिहिलं तर आपल्या भट्टीचं नाव खरेदीदारांच्या यादीतून कायमचं जाईल.

दाजींबद्दल वाईट बोलायचं नाही मला. पण यंदा बदललं काय असेल तर एवढंच, की बाबा नव्हते आणि दाजी होते.

तुझा,
चिकट्या


११ ऑगस्ट

चिकट्या,

पत्र फाडलेलं नाही. ज्याला फाडून टाकायची पत्रं लिहावी लागतात त्याने आधी आरशात बघावं.

भेसळ म्हणे. तुमची ती पट्टी कोणी आखली, सांगशील? सपाटीवरच्या, समुद्राकाठच्या मोठ्या मळेवाल्यांनी आपलं तेल बाटलीत भरलं, त्याची मोजमापं कागदावर मांडली आणि साऱ्या जगाला बजावलं की सब्जा म्हणजे हा. झाडाला विचारलं होतं का? मातीला? उंचीला, धुक्याला? एका माणसाच्या अंगरख्याचं माप घ्यायचं, आणि तो ज्याच्या अंगाला बसणार नाही तो माणूसच नव्हे म्हणायचं, असा हा न्याय आहे. भट्टीवाल्यांच्या संघाच्या सभेत मी हे दर वर्षी बोलते आणि दर वर्षी लोक टाळ्या वाजवून त्याच पट्टीसमोर मान तुकवायला जातात.

आणि तरीही, लक्षात ठेव, या सगळ्या डोंगरात त्या पट्टीत बसणारं तेल एकट्या बाबांचं होतं. हात होता तो. त्यांच्या मागे मी एक गोष्ट बदललेली नाही. तेच बी, त्याच पायऱ्यांची शेतं, फुलोरा अर्धा उघडला की कापणी. पाण्यावरचं तेल काढलं की तांब्याच्या भांड्यात मागच्या खोलीत निववायला ठेवते. तुला आठवतं, बाबा आत जाऊन दार लावून घ्यायचे. तेलाला माणसाचा श्वास लागतो म्हणायचे, कोणाला आत येऊ द्यायचे नाहीत. बाहेर आले की तेल फुललेलं असायचं. भट्टीतून निघताना उग्र, आणि निवल्यावर नुसती फुलं. यंदा ते मी केलं. आतून कडी लावली आणि नाकाला रुमाल बांधून भांड्याशेजारी बसून राहिले, ह्यांनासुद्धा आत घेतलं नाही.

तेव्हा तपासायचंच असेल तर तुमचं यंत्र तपासा. खरेदीदाराला भाव पाडायचा असला की तुमच्या यंत्राला अचानक वास यायला लागतात, हे मला काही आजच कळलेलं नाही. तू त्यांच्यात आहेस का, हेही एकदा सांगून टाक.

ह्यांच्याबद्दल लिहिलंस ते मला आवडलं नाही. घरजावई म्हणून लोकांनी काय कमी ऐकवलं आहे, की आता तूही?

ताई

ता. क. हे दर गुरुवारी गावात जातात. पंपाचं सामान आणायला. सामान काही येत नाही. लक्ष ठेवते.


२० ऑगस्ट

प्रिय ताई,

मी कोणाच्यात नाही. असतो तर तुला लिहिलं नसतं. माझा हा पत्रव्यवहार बाईंना कळला तर आधी माझी खुर्ची जाईल, मग तुझी बाटली.

यंत्र दोनदा धुऊन पुन्हा चालवलं. आकडे हलत नाहीत. तूच आता एक कर. एक लहान घाणा एकटीने काढ. कापणीपासून बाटलीपर्यंत दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नकोस. दाजींना भट्टीपाशी फिरकू देऊ नकोस. बाटली तूच सीलबंद करून पाठव, आणि सोबत प्रत्येक पायरीवरच्या झाडांची सावलीत वाळवलेली पानं, वेगवेगळ्या पुड्यांत. झाड काय बोलतं आणि बाटली काय बोलते ते ताडून बघतो. दोन्ही जुळलं नाही तर मधे कोणीतरी बोललेलं आहे.

अहवाल मी लांबवतो आहे. यंत्राची नळी बदलायची आहे असं कारण दिलंय. ते खोटंही नाही, नवी नळी खरंच आली आहे, आधीपेक्षा बारीक तपास करणारी.

आणि गुरुवारचं बघच.

चिकट्या


२ सप्टेंबर

चिकट्या,

बाटली आणि पुड्या सोबत आहेत.

भट्टीघराला कुलूप लावलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. हे सकाळी आले, कुलूप बघितलं, हातातला विळा खाली ठेवला. मी वाट बघत होते की आता विचारतील, मग मी सुनावीन. सगळं भाषण तयार होतं माझं. हे म्हणाले, "किल्ली हरवू नकोस, दुसरी नाहीये." आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. सरळ माणूस असा वागतो का? ज्याच्या मनात काही नाही तो भांडतो. मी तर भांडले असते.

गुरुवारी मागोमाग गेले. मी, संघाची अध्यक्ष बाई, डोक्यावरून ओढणी घेऊन भाजीच्या हातगाडीआड उभी. गाडीवाला विचारतोय, बाई, दोडका घेताय की दोडक्याचा चेहरा बघताय. हे गेले कुठे असतील? सावकाशकडे.

सावकाश तुला आठवत असेल. आपल्या वरच्या अंगाची भट्टी होती त्याची, प्रत्येक वाक्याच्या आधी "सावकाश, सावकाश" म्हणायचा म्हणून तेच नाव पडलं. त्याच्या तेलात बडीशेपेचा वास मारतो, भेसळ आहे, असं खरेदीदारांनी म्हटलं तेव्हा संघाने बाबांचं मत विचारलं होतं. बाबांनी हुंगलं आणि हो म्हणून मान हलवली. त्याची भट्टी तिथेच विझली. आता तो पंप दुरुस्त करतो. त्याच्या दुकानाच्या मागच्या बाकावर हे दोघं बसलेले, मधे चहा, आणि कोणी काही बोलत नाही. दोन माणसं इतका वेळ न बोलता बसतात ती एकतर कंटाळलेली असतात किंवा सगळं आधीच ठरलेलं असतं.

आता कळलं ना? तोच वास, तोच माणूस. ह्यांच्या हातून आपल्या भट्टीवर सूड उगवतोय तो.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. यंदा तेल फुललं नाही. मी दार लावून बसले, निवेपर्यंत बसले, पण भट्टीतून जसं निघालं तसंच राहिलं, उग्र. वाटलं, बाबांच्या मागे माझंच नाक बिघडलं असेल. मग वाटलं, मी लायक नाही. मग वाटलं, आत नेण्याआधीच ह्यांनी काहीतरी केलं. आजच्या या घाण्याला मात्र माझ्याशिवाय कोणी शिवलेलं नाही.

ताई


१५ सप्टेंबर

प्रिय ताई,

निकाल आला. तुझ्या एकटीच्या बाटलीतही तेच, पानांतही तेच. सगळ्या पायऱ्यांवर एस्ट्रागोल जास्त. झाड आणि बाटली एकच बोलतात, मधे कोणी नाही. दाजींचा काहीही संबंध नाही, कुलूप काढ.

सब्जा जागेप्रमाणे बदलतो. कुठे लिनालूल वरचढ, कुठे एस्ट्रागोल, कुठे लवंगेसारखा वास देणारं द्रव्य. त्या त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या धरलेलं बी, ऊन, उंची यांचा तो खेळ आहे. आपल्या डोंगराचा असाच आहे, त्यात लबाडी काही नाही. अहवालात यंदाच्या हवामानाचा परिणाम असं लिहीन, म्हणजे या वेळेपुरतं निभावेल.

जुन्या तेलाचा विषय कुठे काढू नकोस. तब्येतीला जप.

चिकट्या


१९ सप्टेंबर

चिकट्या,

तुझ्या आयुष्यातलं हे सर्वांत आखूड पत्र. शाळेत असताना हरवलेल्या पेन्सिलीवर तू चार पानं लिहायचास. आखूड पत्र लिहिणाऱ्या माणसाने काहीतरी पोटात ठेवलेलं असतं.

वाच तू काय लिहिलं आहेस. पानं असं बोलतात की आपल्या डोंगराचा सब्जा असाच. असाच म्हणजे यंदा असा नव्हे, कायमचा असा. बी तेच, पायऱ्या त्याच. मग बाबांचं तेल पट्टीत कसं बसत होतं? हवामानाचा परिणाम म्हणे. हवामान काय फक्त बाबांना ओळखत होतं?

मी सभेत मोठ्या मोठ्या अधिकाऱ्यांना उभं करून जाब विचारते, आणि माझा सख्खा भाऊ मला तब्येतीला जप म्हणून वाटेला लावतो. जुन्या तेलाचा विषय काढू नको, म्हणजे तू तो काढून झालेला आहेस. त्या नव्या नळीत काय घातलंस? मला दया नको आहे, उत्तर हवं आहे. दया माणसाला लहान करते, मग ती भावाची असली तरी.

कुलूप काढलेलं नाही. कोणावर संशय घ्यायचा ते कळल्याशिवाय काढणार नाही.

ताई


२७ सप्टेंबर

ताई,

विचारलंसच, तर ऐक. पण बसून वाच.

आमच्याकडे प्रत्येक जुन्या नमुन्याची एक कुपी थंड कपाटात ठेवलेली असते. निळ्या चकत्यांच्या सगळ्या काढल्या. बाबांच्या हयातीतल्या.

लिनालूलचे कण दोन प्रकारचे असतात, आपल्या डाव्या आणि उजव्या हातासारखे. दिसायला सारखे, पण एकावर एक ठेवले तर बसत नाहीत. सब्ज्याचं झाड जवळपास सगळे एकाच हाताचे कण बनवतं. कारखान्यात लिनालूल बनवतात तेव्हा दोन्ही हात सारखेच निघतात. पूर्वीच्या नळीला हा फरक दिसत नव्हता. नवीला दिसतो.

बाबांच्या प्रत्येक कुपीत दोन्ही हात आहेत, ताई. एकूण एक कुपीत. त्यांच्या तेलात कारखान्याचं लिनालूल ओतलेलं होतं, एस्ट्रागोल दबून पट्टीत बसेल इतकं. तेल फुलायचं ते त्याने.

मला वाटलं माझंच काही चुकतंय. दुसऱ्या भट्ट्यांच्या कुप्या लावून बघितल्या. त्यांत एकच हात. पुन्हा आपल्या लावल्या. मग यंत्र बंद केलं आणि हात धुवायला गेलो ते बराच वेळ धूतच राहिलो.

आता माझ्यापुढे दोन अहवाल आहेत. पहिला हवामानाचा. तो चालून जाईल, पुढच्या वर्षी तू सपाटीवरचं बी आणून लाव, हळूहळू पट्टीत येशील. बाबा बाबाच राहतील. दुसरा खरा: डोंगरातलं तेल मुळात वेगळं आहे, ते भेसळ नाही, त्याला वेगळी पट्टी हवी. पण तो लिहिला की बाई पहिला प्रश्न हाच विचारणार, मग या एका भट्टीचं इतकी वर्षं कसं बसलं? आणि त्या कुप्या मला टेबलावर ठेवाव्या लागतील. संघाच्या खोलीच्या दारावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या.

तू सांगशील तो पाठवतो. मला ठरवता येत नाही.

तुझा,
चिकट्या


८ ऑक्टोबर

चिकट्या,

पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी तुझ्यावर संशय घेतला. म्हटलं, बाबा तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त जीव टाकायचे, त्याचा राग काढतोय. एवढी माझी लायकी. दोन दिवस त्या संशयात काढले, कारण तिथे उभं राहणं सोपं होतं.

मग ह्यांच्यासमोर जाऊन बसले. तुझं पत्र पुढे ठेवलं. ह्यांनी वाचलं नाही. म्हणाले, कळलं का शेवटी.

माहीत होतं ह्यांना. बाबा ह्यांना शहरात पाठवायचे, भांडी धुवायचं औषध म्हणून डबे आणायला. एकदा वाटेत पिशवीत एक डबा गळला आणि घरी येईपर्यंत अंगावरचे कपडे फुलासारखे घमघमत होते. भांडी धुवायच्या औषधाला असा वास कशाला, हे ह्यांना विचारायला लागलं नाही. मला वास आला होता तेव्हा, ते मला आठवतं. मी काय म्हटलं होतं तेही आठवतं. कोणाकडे जाऊन आलात, असं विचारलं होतं.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी ह्यांना जवळ बोलावून सांगितलं की एक डबा उरला आहे, यंदाच्या तेलात किती घालायचं ते मी सांगतो, तू घाल, पोरीला कळू देऊ नकोस. ह्यांनी मान डोलावली. बाबा गेल्यावर तो डबा नाल्यात ओतून दिला.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही. मी कुलूप लावलं, भुतासारखी मागे फिरले, सावकाशचं नाव घेऊन नाही नाही ते बोलले, तेव्हा तरी.

हे म्हणाले, "तू मला चोर समजलीस तर घरात भांडण होतं. बाबांना समजली असतीस तर तुझ्याकडे काहीच उरलं नसतं."

चिकट्या, मी आयुष्यभर बोलत आले. शब्द कमी पडले असं कधी झालं नाही. त्या दिवशी उठले, कुलूप काढलं आणि किल्ली ह्यांच्यासमोर ठेवली. माफी मागायला तोंड उघडलं तर निघालं काय, चहा घेणार का. हे घेतो म्हणाले.

आणि मी त्या खोलीत कडी लावून, नाकाला रुमाल बांधून, काय राखत बसले होते? बाबांनी दार लावलं ते आपल्याला दिसू नये म्हणून. मी ते भक्तीने लावलं. बाप लपत होता आणि लेक त्याचं लपणं पुजत होती. अजून हसू येत नाही. येईल कधीतरी.

गुरुवारचंही कळलं. तिथे कट काही नव्हता. हे म्हणाले, बाबांच्या एका मान हलवण्यात तो माणूस बुडाला, कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन बसायला नको का. खरं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून नुसते बसत होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खरा अहवाल पाठव. मला बाबा कमी प्रिय आहेत म्हणून नव्हे. मी त्यांना या क्षणीही मनातल्या मनात सोडवायला बघते आहे: पट्टी अन्यायाची होती, त्यांनी तिला फसवलं, त्यात काय बिघडलं? पण त्यांनी पट्टीला फसवलं नाही. पट्टी त्यांच्या जिवावर आणखी ताठ झाली. डोंगरातलं एक तेल बसतं, मग बाकीच्यांचं का बसत नाही, असं म्हणायला खरेदीदारांना पुरावा मिळाला तो आपल्या घरातून. अन्याय करणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती अशा एका माणसाची, जो गुपचूप वाकतो आणि चारचौघांत ताठ दिसतो. हवामानाचा अहवाल गेला तर तसा माणूस उद्या मी होईन. सपाटीवरचं बी मी लावणार नाही. आपल्या झाडाला बडीशेपेचा वास आहे, तर आहे. त्या वासाची वेगळी पट्टी करा म्हणावं. कुप्या ठेव टेबलावर. तुझ्या बाईंना हेही सांग की चकती तू पहिल्याच दिवशी ओळखली होतीस. खुर्ची गेली तर डोंगरावर ये, भट्टीला माणूस हवाच आहे.

हे पत्र संघाच्या खोलीत बसून लिहिते आहे. आज सभा बोलावली होती. सावकाशला चिठ्ठी पाठवली, तो येईल असं वाटलं नव्हतं, आला. शेवटच्या रांगेत बसला. लोक माझ्या भाषणाच्या तयारीने आले होते, एकाने तर उशी आणलेली. मी उभी राहिले आणि तीन वाक्यं बोलले. बाबांच्या तेलात भेसळ होती. आपल्या डोंगराचं तेल बडीशेपेचंच असतं. सावकाशच्या तेलात काहीही नव्हतं. एवढं बोलून खाली बसले. अध्यक्ष बाईंना बरं नाही का, असं कोणीतरी कुजबुजलं.

मग शेवटच्या रांगेतून आवाज आला, या वेळी "सावकाश" न म्हणता.

"मग माझं तेल खरं होतं?"

मी म्हटलं, "हो. खरं होतं."

तो उठला आणि बाहेर निघून गेला. हे त्याच्या मागोमाग गेले. लोक आता पांगले आहेत. खुर्च्या तशाच पडल्या आहेत. ते दोघं बाहेर पायरीवर बसलेत, खिडकीतून मला त्यांच्या पाठी दिसतात. आज बोलताहेत. सावकाश हातवारे करून काहीतरी सांगतोय, आणि ह्यांची मान खाली आहे. तो ह्यांना शिव्या देतोय की बाबांना, की मला, ते इथून ऐकू येत नाही. खिडकीपर्यंत गेले तर येईल.

मी जात नाहीये.

तुझी,
ताई